राजाच्या महालात राजालाच जागा नाही

राजा हौसाजीला स्वतःच्या महालात पाय ठेवायला जागा उरली नव्हती!

उरणार कशी? सौदागर दारात आला की हा घेणारच. कालचा आरसा धडधाकट असेना का, आजचा दोन बोटं रुंद आहे ना, मग घ्या! पाय दोन, जोडे दोनशे दहा. तोंडात दात सात आणि सुपारीचे अडकित्ते त्रेसष्ट! झोपला की उशाला हंडे, पायथ्याला हंडे आणि मध्ये राजा, बरणीतल्या लोणच्याच्या फोडीसारखा. अक्कल तेवढी कुणी विकायला आणली नव्हती.

एके दिवशी सकाळी तो दरबाराला निघाला आणि पितळी हत्तीवर अंगठा आपटला. कळवळून वर उसळला, तर टाळक्याला झुंबर! बाजूला सरकला, तर अंगावर पंचवीस छत्र्या!

"कोण झाडतं इथं?" राजा गरजला.

गवरा पुढं आली. चाळिशीची विधवा बाई, हातात केरसुणी, आणि जीभ केरसुणीपेक्षा लांब.

"मी झाडते, महाराज."

"मग ही अडगळ दिसत नाही तुला?"

"दिसते की! पण अडगळ तुमची. केर तेवढा माझा."

दरबारी फिदीफिदी हसले. राजा लालबुंद झाला.

"फार बोलतेस! आठ दिवसांत हा महाल मोकळा पाहिजे. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धावता आलं पाहिजे मला! पण ऐक. काही विकायचं नाही, फेकायचं नाही, जाळायचं नाही, दान करायचं नाही. सगळं माझंच राहिलं पाहिजे. आणि नवी खोलीही बांधायची नाही!"

"आणि नाही जमलं तर?"

"तर वेशीबाहेर चालती हो! तुझं घर आणि शेळ्या सरकारजमा!"

एवढं बोलून राजा सुजलेला अंगठा शेकायला बागेतल्या बंगलीत राहायला गेला. दिवाण भास्करपंत गालात हसला. राजानं काहीही घेतलं की सौदागर दिवाणाच्या हातावर गुपचूप काहीतरी ठेवायचे. त्याला महाल भरलेलाच बरा.

गवरा घरी येऊन उंबऱ्यावर बसली. ते घर आणि दोन शेळ्या, एवढंच काय ते तिचं! डोळे भरून आले. तेवढ्यात शेजारचा धोंडू आला.

"गवराक्का, शिडी कुठाय?"

"कोष्ट्याकडं. तिथनं घे आणि सांजेला गुरवाकडं दे, त्याला कौलं चाळायचीत."

"शिडी तुझी, पण तुझ्या घरात कधी दिसतच नाही गं!"

गवरा ताडकन उठली आणि अशी हसली, की शेळ्या दावं तोडून पळाल्या!

दुसऱ्या दिवसापासून महालाच्या मागच्या दाराशी ही रीघ लागली.

आठव्या दिवशी राजा परतला. बघतो तर काय, महाल मोकळा! तो धावत सुटला. घसरला, आपटला, उठून पुन्हा धावला! "ओऽऽ!" म्हणून ओरडला, तर आवाज घुमून परत आला.

"अरे! माझ्या महालाला खिडक्या आहेत!"

"महाराज," भास्करपंत खाकरला, "धावून झालं असेल तर विचारा की, माल कुठं गेला?"

राजा जागच्या जागी थांबला. "गवरे! विकलंस?"

"नाही, महाराज."

"दान केलंस?"

"छे! वापरायला दिलंय, उसनं. तुमचंच आहे सगळं. चांदीच्या पाळण्यात कुंभारणीची जुळी झोपलीत. हंडे शिंप्याच्या पोरीच्या लग्नाला गेलेत. छत्र्या भाजीवाल्यांच्या डोक्यावर. आणि पितळी हत्ती देवळापुढं ठेवलाय, त्याच्यावर बसायला पोरं मारामाऱ्या करतात!"

"उसनं गेलं ते बुडालं!" दिवाण किंचाळला. "महाराज, आत्ताच्या आत्ता परत मागा. बघू येतं का!"

राजालाही पटलं. "होय! दिवस मावळायच्या आत माझं सगळं परत पाहिजे. नाहीतर वेशीबाहेर हो!"

"आणते, महाराज. माणसं निरोपाला उभीच आहेत. फक्त काय काय हवं ते तोंडानं सांगा. नाव घ्याल ती वस्तू हजर! दिवाणजी, तुम्ही मध्ये पुटपुटायचं नाही."

"त्यात काय अवघड आहे? माझा पलंग!"

"तो काय तुमच्या मागं."

"पानदान!"

"तुमच्या हातात."

"तांब्या! घोंगडी! बाबांची तलवार! आणि ते जुने मऊ जोडे!"

"तांब्या उशाशी, घोंगडी पलंगावर, तलवार भिंतीवर आणि जोडे तुमच्या पायात. पुढं?"

राजानं डोकं खाजवलं. "ते... गोल... चकचकीत..."

"गोल काय, महाराज?"

"अगं, ते उत्तरेकडून आलेलं!"

"उत्तरेकडून काय, महाराज?"

दरबारी उपरण्यात तोंड खुपसून खिदळायला लागले. राजा घामाघूम झाला. सहाच्या पुढं गाडी हलेना!

"पण गवरे," तो हळूच म्हणाला, "नेमक्या ह्या सहाच कशा ठेवल्यास? तुला सांगितलं कुणी?"

"धुळीनं! वीस वर्षं झाडतेय, महाराज. जिच्यावर धूळ बसत नाही ती वस्तू तुमची. बाकीच्या माझ्याच होत्या की! रोज पुसायला मीच!"

राजाला असं हसू फुटलं, की पोट धरून तो फरशीवरच बसला. बसायला जागा होती ना आता!

"हरलो, गवरे, हरलो! उसन्या मालातलं हवं ते घे. कायमचं!"

"नको गं बाई! मग ते पुसायचं कुणी?"

"मग मागशील ते देतो, बोल!"

"झाडलोट आता दुपारपर्यंत उरकते. दुपारनंतर मला सुट्टी हवी. पगार मात्र पुरा!"

"दिली!" राजा डोळे पुसत म्हणाला. "आणि आजपासून सौदागर आला, की त्याला थेट दिवाणजींच्या घरी पाठवा. घ्या म्हणावं, भास्करपंत, पोटभर घ्या!"