‘लागली’ कोणी म्हणायचे

गेले तीन दिवस माझी झोप एका स्प्रिंगने उडवली आहे. कृतिका, माझी तेरा वर्षांची मुलगी, दर रविवारी मैदानावर एअरसॉफ्ट खेळते. डोळ्यांना जाड गॉगल, हातात खेळातली बंदूक, तिच्यातून सुटणारी प्लास्टिकची बारीक गोळी. या खेळात पंच नसतो. ज्याला गोळी लागते त्यानेच हात वर करून ‘लागली’ म्हणायचे आणि बाद व्हायचे. समोरच्या संघातला निहार म्हणे कधीच म्हणत नाही. म्हणून हिला बंदुकीत कडक स्प्रिंग हवी, म्हणजे गोळी जोरात सुटेल.

“जोरात बसली की ओरडेलच ना गं, आई.”

तिचा मामा रविवारी सकाळी येऊन ती बसवून द्यायला तयार आहे. मला मात्र निहारचा गॉगलखालचा उघडा गाल दिसत राहतो.

सरळ ‘नको’ म्हणायचे धैर्य माझ्यात नाही. म्हणून पोळ्या लाटताना तिला एक गोष्ट सांगितली. लाटता लाटताच रचली, हेही सांगून टाकते.

एक वृद्ध गुरू हाच खेळ शिकवीत असत. एकदा त्यांचा एक शिष्य हीच तक्रार घेऊन आला. “गुरुजी, माझा नेम अचूक आहे, पण समोरचा कबूलच करत नाही. बंदुकीचा जोर वाढवून द्या.”

गुरूंनी वाद घातला नाही. सर्वांत कडक स्प्रिंग त्यांनी स्वतः बसवली, बंदूक शिष्याच्या हाती दिली, गॉगल चढवला, बाही कोपरापर्यंत सारली आणि वीस पावलांवर जाऊन उभे राहिले.

“मार.”

शिष्य कचरला. मग त्याने गोळी झाडली. गुरूंच्या हातावर लाल चट्टा उठला.

“नाही लागली,” गुरू शांतपणे म्हणाले.

“अहो, पण चट्टा दिसतोय.”

“दिसू दे. नाही लागली. याहून कडक स्प्रिंग आहे का तुझ्याकडे?”

शिष्याने बंदूक खाली ठेवली. तेव्हा गुरू म्हणाले, “जोर वाढवलास तर कातडी सुजेल. कबुली ज्याची त्याने द्यायची असते, ती बाहेरून काढणारी स्प्रिंग कोणी घडवलेली नाही. बंदूक सुधारायचीच असेल तर नळी साफ कर. आणि तुला लागेल तेव्हा इतक्या मोठ्याने सांग, की पलीकडच्याला गप्प राहणे जड जावे.”

गोष्ट संपली. माझी मलाच ती जरा उपदेशाची वाटली. शिवाय खरेपणा शिकवायला गुरू स्वतःच खोटे बोलले, ही गोम कृतिका आता पकडणार, म्हणून मी उत्तर जुळवत उभी राहिले. तव्यावरची पोळी करपली.

कृतिका कणकेच्या गोळ्यात बोट रुतवत होती. ती म्हणाली, “आई, गेल्या रविवारी माझ्या बुटाला एक लागली होती. मी काही बोलले नाही. बूट धरतात का?”