शिंगं मावतील एवढं दार

फार पूर्वी, म्हणजे माल जेव्हा ट्रकने नाही तर बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून यायचा, त्या काळातली ही गोष्ट. पहाटे आधी घुंगरमाळा वाजायच्या, मग कोंबडा आरवायचा. गूळ, लाल मिरची आणि ओलं शेण यांचा मिळून एक वास असायचा. जुनी माणसं अजून त्या वासाचं नाव काढतात आणि बोलता बोलता हवेत हुंगतात, जणू कोपऱ्यावरून गाडी वळतेच आहे.

अशा एका पेठेत एक हमाल होता. अंगाने धिप्पाड, बोलायला मोजका. कष्टाळू, सरळ, पण त्याला माणूस म्हटलेलं चालत नसे.

"मी बैल आहे," तो म्हणे. रागाने नाही, गमतीनेही नाही. आपण 'मी खालच्या आळीतला' असं सांगतो ना, तसं. "वरचं कातडं तेवढं माणसाचं मिळालंय."

वागायचाही तसाच. दारातून आत शिरताना मान आधी डावीकडे कलती करायचा, मग उजवीकडे; शिंगं चौकटीला लागू नयेत म्हणून. बसताना आधी गुडघे टेकायचा, उठताना आधी मागचं अंग उचलायचा. एकदा एका कापडवाल्याने त्याची फिरकी घ्यायची म्हणून जरीकाठी फेटा पुढे केला. फुकटचा फेटा! हमालाने काठावरून बोट फिरवलं, घडी नीट केली आणि परत दिला.

"छान आहे शेठ. पण शिंगांवर बसायचा नाही."

पेठ तीन दिवस हसत होती. पोरं त्याला कडब्याची कांडी दाखवत, बाया पदराआड हसत. तो कुणाला उलट बोलला नाही. पण संध्याकाळी नदीवर एकटाच खांदे धुवायचा, तेव्हा त्याच्या मनात एकच गोष्ट असे. आपण जे आहोत त्याला कुणीतरी एकदा 'हो' म्हणावं.

त्याच पेठेत एक अडत्या होता. गावोगावचं धान्य आणून विकायचा. गोड बोलणारा, हिशेबी. त्याच्या गोठ्यात तीन बैल होते आणि चौथा घ्यायचा विचार चालला होता. एके दिवशी त्याने हमालाला हाक मारली.

"काय रे, तू बैल ना?"

"हो मालक."

"मग असा बेवारशी का फिरतोस? बैलाला दावण पाहिजे. ये माझ्या गोठ्यात. तिघांबरोबर चौथा तू."

हमाल बघतच राहिला. अडत्याच्या तोंडावर हसू नव्हतं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी 'हो' म्हटलं होतं! त्याने मजुरी विचारली नाही. बैल कधी मजुरी विचारतो का? दोन वेळची भाकरी आणि गोठ्यात झोपायला जागा एवढ्यावर तो राबू लागला.

अडत्याला तर चौथा बैल न विकत घेताच मिळाला. वर हा बैल जिना चढत होता, निरोप पोचवत होता.

दुपारी तिन्ही बैल सोडून लिंबाच्या सावलीला बांधले की हमालही त्यांच्याशेजारी गुडघे टेकायला जाई. अडत्या ओट्यावरून ओरडे, "अरे तू कुठं बसतोस? तुला काय त्यांच्यासारखं ऊन लागतं? माणसासारखा माणूस तू! ती पोती आत घे."

आणि संध्याकाळी हमाल हात धुऊन ओट्यावर टेकला की, "अरे तू बैल ना? बैल कधी ओट्यावर बसतात का? गोठ्यात जा."

हे वर्षभर चाललं. हमाल दोन्ही हुकूम पाळत असे. श्रावण संपत आला तशी मात्र त्याची चाल बदलली. तो दिवस मोजत होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर ज्या खांद्याने जू ओढलं, तो खांदा धन्याने स्वतःच्या हाताने हळद आणि लोणी लावून मळायचा. मग बैलाच्या कानाशी वाकून आवतण द्यायचं. हे काम गड्याला सांगत नाहीत. केवढा का मोठा धनी असेना, त्या संध्याकाळी तो बैलापुढे वाकतो.

अडत्याच्या अंगणात तीन बैल नदीवरून न्हाऊन आले, ओळीने उभे राहिले. त्यांच्याशेजारी चौथा, हमाल. तोही न्हालेला. अंगरखा काढून त्याने खांदा उघडा केला आणि मान खाली घालून उभा राहिला.

शेजारचे ओट्यावर जमले. तंबाखूवाला ओरडला, "शेठ, ह्याच्या शिंगांना रंगही लावा बरं का! आणि बाशिंग मोठं आणा!"

हशा पिकला. अडत्याही हसला. तिघांचे खांदे मळून झाल्यावर त्याने वाटी खाली ठेवली.

"अरे येड्या, हा बैलांचा मान. तू जा, मागच्या खोलीतली पोती हलव. उद्या सणाला जागा लागेल."

हमाल हलला नाही. म्हणाला, "मालक, मी बैल नसेन तर तसं तोंडाने सांगा. उद्यापासून कुणापाशी म्हणणार नाही. दारातून सरळ मान ठेवून चालेन."

हसणं थोडं कमी झालं. तंबाखूवाल्याने घसा खाकरला.

अडत्याला वाटलं, 'नाही' म्हणावं आणि मोकळं व्हावं. तेवढ्यात त्याची बायको आतून आली. हळद-लोण्याची दुसरी वाटी तिच्या हातात होती. ती तिने आधीच करून ठेवली होती, हे अडत्याच्या लक्षात आलं.

"अहो, जरा ऐका," ती म्हणाली. "हा बैल असेल तर ही घ्या वाटी आणि मळा खांदा. माणूस असेल तर सांगा, उद्या तुमच्या पाटाशेजारी त्याचा पाट मांडते, तुमच्या पानाआधी त्याला वाढते. मला दोन्ही चालेल. पण उन्हात माणूस आणि ओट्यावर बैल, हे आता माझ्या घरात नको."

अडत्याने वाटीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. सगळी अक्कल लावून त्याने तिसरी वाट शोधून पाहिली. नव्हतीच.

त्याने बोटं लोण्यात बुडवली. जरा चिडूनच त्याने हमालाच्या खांद्यावर हात ठेवला आणि थांबला. मानेमागे बोटभर जाडीचा घट्टा होता. अगदी त्या तिघांना होता तिथेच, तसाच खडबडीत. वर्षभरात तो एवढा चढला होता. कुणाची पोती वाहून झाला, हे अडत्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

तो मळू लागला. आधी घाईने, मग सावकाश. माशी बसली की बैलाची कातडी जशी थरथरते, तशी बोटांखालची कातडी थरथरली. अडत्याने हात काढला नाही. हळद संपेपर्यंत मळलं आणि मग हमालाच्या कानाशी वाकला. तिघांना म्हटलं तेच म्हणाला.

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

हमालाने डोळे मिटले आणि नाकाने एक मोठा श्वास सोडला. ओट्यावर कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तोरणाखालून अडत्याचे तीन नाही, चार बैल गेले. चौथ्याच्या पाठीवर तरटाची झूल होती, अडत्याच्या बायकोने रात्रीतून काठाला लाल पट्टी शिवली होती. पुरणपोळी चौघांनाही सुपातूनच मिळाली. त्या दिवसापासून दुपारी लिंबाखाली चौघं विसावू लागले. आणि हमाल संध्याकाळी कधी ओट्यावर टेकला, तर अडत्या मुकाट्याने बाजूला सरायचा.

पोळा झाल्यावर अडत्याने सुतार बोलावला. "दुकानाचं दार रुंद करायचंय."

सुताराने माप घेतलं. "किती शेठ? पोतं आडवं जाईल एवढं?"

"नाही," अडत्या म्हणाला. मग दोन्ही हात डोक्याच्या बाजूंना धरून, बोटं वर वळवून त्याने दाखवलं, "एवढं."

नवी चौकट बसली त्या सकाळी हमाल पोतं घेऊन आला. सवयीने त्याने मान कलती करायला घेतली. मग वर पाहिलं, दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि मान सरळ ठेवून आत गेला.

आता तिथे ना हमाल आहे, ना अडत्या, ना ते लिंबाचं झाड. पेठेतल्या सगळ्या दुकानांची दारं अरुंद, तेवढं एक भलतंच रुंद. नवी माणसं विचारतात, इथे काय हत्ती यायचा का? जुनी माणसं हसतात आणि सांगतात, "नाही हो. आमचा चौथा बैल यायचा."

तात्पर्य: कुणी स्वतःला जे म्हणवतो त्याला आपल्या सोयीपुरतं 'हो' म्हणू नये; म्हटलंच तर त्याच्या कष्टाबरोबर त्याचा पोळाही आपल्या हातांनी करावा.