द्रौपदाबाईंची कॅसेट

“...पण बुवा, कॉम्प्युटरला रॅम नुसती भरपूर असून काय उपयोग? ती वेगवान नको का?”

अभिरामने हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. निरंजनबुवा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. ते सोलतच राहिले.

हा अभिराम पुण्यातली इंजिनियरची नोकरी सोडून कासारखेड्याच्या मठात आलेला. हुशार गडी, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक. मठातल्या भजनांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्या आणि त्यांतली खरखर काढून टाकायची, हे काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं.

त्यांतली एक कॅसेट गावातल्या द्रौपदाबाईंच्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची होती. मालक मठात पखवाज वाजवायचे. त्यांना जाऊन सव्वीस वर्षं झाली. बाईंचा डावा कान पार गेला होता, उजवाही जायच्या वाटेवर होता. तो आहे तोवर मालकांचा हात एकदा ऐकू दे, एवढंच त्यांचं मागणं. दर गुरुवारी यायच्या, उंबऱ्यावरून विचारायच्या, आणि “थोडं राहिलंय, आजी” एवढं ऐकून माघारी जायच्या.

अभिरामला फार वाईट वाटायचं. म्हणून तर त्याला वेगवान रॅम हवी होती, काम लवकर उरकावं म्हणून.

“आत्ता आहे ती किती वेगाची?” बुवांनी विचारलं.

“बत्तीसशेची. मला छत्तीसशेची हवीय.”

“बत्तीसशे हे लिहिलेलं झालं. धावते किती?”

“तेवढीच की.”

“बघितलंस?”

अभिराम आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“एकवीसशे,” तो म्हणाला. “मदरबोर्डमधली एक सेटिंग चालू करावी लागते. ती माझ्याकडून... राहिली.”

“किती दिवस?”

“दोन वर्षं.”

दुसरा कोणी असता तर हसून गडाबडा लोळला असता. बुवांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला.

“कर मग चालू.”

त्याने केली. एक कॅसेट साफ व्हायला आधी चाळीस मिनिटं लागायची, आता अडतीस लागली. रॅमचा वेग दीडपट झाला आणि पदरात पडली दोन मिनिटं. छत्तीसशेची आणून आणखी किती पडणार, हे कळायला इंजिनियर असायची गरज नव्हती.

“दोनच मिनिटं, बुवा.” तो म्हणाला. “आजींची कॅसेट मी सहा वेळा साफ केलीय. दर वेळी वाटतं, अजून थोडी स्वच्छ होईल. मग पुन्हा पहिल्यापासून...”

“सहा वेळा?”

“हो.”



तेवढ्यात उंबऱ्याशी काठी वाजली. गुरुवार होता.

“झाली का रं बाबा?”

अभिरामने नेहमीच्या उत्तरासाठी तोंड उघडलं.

“झाली,” बुवा म्हणाले.

“बुवा, अजून...”

“आहे तशी लाव. मूळची.”

त्याने द्रौपदाबाईंना आत नेऊन आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. हेडफोन उजव्या कानाला नीट लावून दिला, बाहेर बसलेल्या बुवांना ऐकू यावं म्हणून स्पीकरही चालू ठेवला. पखवाज सुरू होतो तिथपर्यंत त्याने कॅसेट पुढे नेली. बुवांनी दारातून नकारार्थी मान हलवली.

“पहिल्यापासून.”

“पहिल्या मिनिटात काहीच नाहीये. नुसती धपधप आहे. साफ केलेल्यातून तर ती मी कापूनच टाकलीय.”

“पहिल्यापासून.”

खरखर सुरू झाली. मग त्या खरखरीत... धप. धप, धप.

द्रौपदाबाईंनी हेडफोन हाताने कानावर घट्ट दाबला.

“कणीक थापत्यात,” त्या म्हणाल्या.

पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही. अभिरामने हे ऐकलं होतं. पण त्या थापण्याचाही आवाज असतो, हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

“माझ्या हातची कणीक हाय ती. सैल झाली व्हती त्या दिशी. ऐक, पुन्यांदा थापत्यात. घरी येऊन लई बोलले व्हते मला.”

बाई हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पखवाज सुरू झाला. तो त्यांनी शेवटपर्यंत ऐकला, मान डोलावली, आणि म्हणाल्या, “आता ते पयलं फिरून लाव की, बाबा.”

त्याने लावलं. एकदा, दोनदा, तीनदा. सहा वेळा कापलेलं ते मिनिट ऐकताना त्याला लाज वाटत होती, आणि कित्येक महिन्यांत वाटला नव्हता इतका आनंदही होत होता.

बाई गेल्या. जाताना काठी काखेत मारून गेल्या.

“बुवा... बाकीच्या कॅसेटींतूनही मी कोणाकोणाचं काय काय कापलं असेल...”

“मूळच्या आहेत ना?”

“आहेत. सगळ्या आहेत.”

“मग रडतोस कशाला?”

अभिरामने डोळे पुसले. खरंच, काहीच गेलं नव्हतं. पेटीभर कॅसेटी होत्या, आणि त्यांतले आवाज ओळखणारी निम्मीअधिक माणसं अजून गावातच होती.

“आता सांगा, बुवा. काय आणू? रॅम...”

बुवांनी मांडीवरची टरफलं झटकली आणि आत नजर टाकली.

“त्या कॉम्प्युटरपुढे खुर्ची एकच आहे. आधी दुसरी आण.”