खोंडमाळाचा पहिला घोट

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला, ओढ्यापासून लांब, मुरमाड माळ दिसतो तो खोंडमाळ. मेलेली गुरं गाव तिथंच पुरतं. ही गोष्ट सांगायला खरं तर वाडीतले सगळ्यांत जुने सोनबातात्या हवेत. मला इथं नांदायला येऊन चारच वर्षं झालीत. कुठं चुकले तर त्यांना विचारा.

पूर्वी म्हणे मेलेलं जनावर ओढ्यातच टाकायचा हुकूम होता, कातड्यांवर कर होता, ती ओढ्याकाठच्या ठाण्यातल्या शिपायांच्या नजरेखालून जावीत म्हणून. पुढं तो कर उठला, पण ओढ्याचा हुकूम कुणी बदलला नाही. त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला गावाची विहीर. धुरपा नावाच्या विधवेची दोन लेकरं जुलाबांत गेली होती. तिसऱ्याचं अंगावरचं दूध नुकतंच तुटलं होतं. आता त्याला विहिरीचंच पाणी पाजायचं होतं. त्याच आठवड्यात तिचा खोंड मेला.

तिनं तो ओढ्यात टाकू दिला नाही. पहार घेतली आणि माळावर खणायला लागली. पाटील आले. "धुरपे, हुकूम ओढ्याचा आहे. ठाण्यावर मी काय सांगू?"

ती खाली उतरली, विहिरीतून तांब्या भरून आणला आणि त्यांच्यासमोर ठेवला, असं सांगतात. "पाटील, तुमच्या नातवाला पाजा. तो प्याला, की खोंड मी ओढ्यात टाकते."

 पाटलांनी पागोटं काढून ठेवलं आणि दुसरी पहार मागवली.

तेव्हापासून ज्याचं जनावर, त्याच्याच घरानं खड्डा घ्यायचा. पुरल्यावर विहिरीच्या पाण्याचा पहिला घोट मालकाचा, दुसरा घरातल्या सगळ्यांत लहानग्याचा. तात्या म्हणतात, "लेकराला पाजायचं असलं की खड्डा आपोआप खोल जातो."

नियम पुढंही बदलत राहिले. मध्ये काही वर्षं जनावरं न्यायला गाडी यायची, ती बंद झाली. लम्पीच्या साथीत डॉक्टरांनी सहा फूट खड्डा, चुना आणि मीठ सांगितलं. तेव्हापासून ग्रामसेवक टेप घेऊन येतात. मी तर घरी पाणी दोनदा उकळते. तात्यांना सांगू नका.

गेल्या चैत्रात आमची चांदी गाय गेली. टेप सहा फुटांवर टेकली. "झालं वहिनी," ग्रामसेवक म्हणाले. मुलगी माझ्या कडेवर होती. मी यांना म्हटलं, "अजून एक हात."

हे परत खड्ड्यात उतरले. त्या दिवशीचा घोट मी उकळला नाही.

आजही खोंडमाळावरचा कुठलाच खड्डा टेपेपाशी थांबत नाही. काठावर लेकरू घेऊन कुणीतरी उभं असतंच.