दहा श्वासांचे औषध

पूर्वी काशीत भद्रसेन राजाची सत्ता चालत असताना बोधिसत्त्वांनी वैद्याच्या कुळात जन्म घेतला होता. वेशीजवळ त्यांचे घर, अंगणात एक जुना लिंब. त्याच्या आडव्या फांदीला ते माणसे उलटी टांगत. हसू नका. भलेभले आधी हसले आणि मग तिथेच लटकले.

सामा नावाची कोष्टीण तिथे आली ती खाटेवरून. मागाच्या खड्ड्यात वर्षानुवर्षे वाकून तिच्या पाठीत अशी उसण भरली होती की पाय टेकवता येईना. वैद्यांनी तिला लुगड्याचा काचा घट्ट मारायला सांगितले, घोट्यांना मऊ पट्टे बांधले, खांद्याला हात दिला आणि हलकेच उलटे सोडले. दहा श्वास मोजले, की उतरवले. रोज एवढेच, तेही उपाशीपोटी. पंधरा दिवसांत सामा स्वतःच्या पायांनी घरी गेली.

"पाठीचं तर झालंच, पण मनही हलकं होतं हो," ती नवऱ्याला म्हणाली. "डोकं खाली केलं की घरचा घोर आपोआप गळून पडतो."

नवऱ्याचे नाव तिंदुक. त्याच्यासारखे नक्षीचे काठ विणणारा काशीत दुसरा नव्हता. त्यालाही लटकून पाहायचे होते. पण त्याचे डोळे ठणकत, दिव्याभोवती रंगीत कडे दिसे. ते ऐकताच वैद्यांनी साफ नकार दिला.

"याचे डोळे आधीच तटतटलेत, पोरी. डोकं खाली गेलं तर दृष्टी जाईल. तुला जे औषध, ते याला विष."

पुढे राजाच्याच पाठीत उसण भरली. त्यालाही गुण आला. पाठ सुटली, झोप लागू लागली, तापट स्वभाव निवळला. इथेच थांबला असता तर तो राजा कसला? दहा श्वासांनी एवढे, तर घटकाभराने किती, असे त्याच्या मनाने घेतले आणि दवंडी पिटली: येत्या पौर्णिमेपासून प्रत्येक पुरुषाने रोज सकाळी घटकाभर उलटे लटकावे, रोग पळतील, भांडणे मिटतील. स्वतः मात्र दहाच श्वास लटके. राजा बोले, दळ हाले. चौकाचौकात खांब रोवून आडवी लाकडे बसली. लोक आपसात म्हणत, पाठ दुखली राजाची आणि पाय आमचे वर.

सामा धावत वैद्यांकडे गेली. "वैद्यबाबा, राजा तुमचं ऐकतो. ह्यांना तेवढं सोडवा."

वैद्य तिला घेऊन तसेच राजवाड्यात गेले. राजाने सगळे ऐकून घेतले. तो चिडला नाही. चिडणे त्याने सोडले होते ना.

"वैद्यराज," तो शांतपणे म्हणाला, "लोक कुरकुरतात, पण तुमचा शब्द मानतात. उद्या भरसभेत सांगा, की घटकाभर लटकल्याने कुणालाही अपाय होत नाही. या बाईच्या नवऱ्याला मी कायमची सूट देतो."

सामाच्या जिवात जीव आला. एका वाक्याचे तर काम.

"एवढं बोलून टाका, बाबा," परतताना ती म्हणाली. "तुमचं काय जातं?"

"माझ्या शब्दावर विसंबून जे लटकतील, त्यांत किती तिंदुक असतील, पोरी?"

"मला एकच ठाऊक आहे."

घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितले की काळजी मिटली.

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्व सभेत उभे राहिले. "दहा श्वास हे औषध आहे," ते म्हणाले. "घटकाभर हे विष आहे. ज्याचं हृदय दुबळं, ज्याचे डोळे तटतटलेले, त्याला एक श्वासही नको. अति तेथे माती. याहून वेगळं मी सांगितलं, तर ते खोटं असेल."

कडेला उभी असलेली सामा नवऱ्याला गाठायला घराकडे धावली.

राजाने शांतपणेच हुकूम दिला. वैद्यांना त्यांच्याच लिंबाला संध्याकाळपर्यंत टांगले. तिंदुकासाठी तर पौर्णिमेचीही वाट पाहिली नाही. शिपायांनी त्याला लगेच चौकात नेले. सामा पाया पडली, ओरडली, पण घटका भरेपर्यंत कुणी दोर सोडला नाही.

उतरवल्यावर तो डोळे चोळत बसला. "सामा," त्याने विचारले, "दिवस मावळला का गं?"

डोक्यावर रणरणते ऊन होते.

संध्याकाळी वैद्यांना उतरवले तेव्हा त्यांच्या नाकातून रक्त वाहत होते आणि ते सगळ्या नगराने पाहिले. पौर्णिमेला एकही माणूस लाकडांकडे फिरकला नाही. राजाला दवंडी मागे घ्यावी लागली. लोक हार घेऊन वैद्यांच्या दारी आले. सामाही आली. तिने तिंदुकाचा काठ विणायचा धोटा त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"नगराचे डोळे वाचवलेत, बाबा," ती म्हणाली. "माझ्या घरात दोनच होते."

बोधिसत्त्वांनी मान खाली घातली. क्षमा मागावी म्हटले तरी ते कोणत्या तोंडाने मागणार? पुन्हा तीच वेळ आली असती तर ते तेच बोलले असते, आणि हे तिलाही कळत होते. पुढे तिच्या पाठीत पुन्हा उसण भरली. ती वाकूनच चालली, पण त्या अंगणात गेली नाही.

समोर बसलेल्या भिक्षूंना एवढे सांगून शास्ते, म्हणजे त्यांचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा भद्रसेन म्हणजे आपला खदिर, जो काल दिवसभर झाडाला उलटा लटकला आणि नव्या भिक्षूंनाही लटकवत होता. तिंदुक म्हणजे आपले अंध स्थविर, ते थोरले भिक्षू. आणि सामा म्हणजे ती म्हातारी उपासिका, जी रोज भिक्षा वाढते पण मला नमस्कार करीत नाही. तिला कुणी टोकू नका. वैद्य मी होतो. या कथेला सत्यपारमितेची, म्हणजे सत्यव्रताच्या पूर्णत्वाची, कथा म्हणा. पण सांगताना एवढं विसरू नका, की खरं बोललो मी, आणि डोळे गेले दुसऱ्याचे."