चार गाड्या आणि शेवंताची रिक्षा

महागड्या गाड्यांतलं माझ्याइतकं गावात कुणाला कळत नाही. बॉनेट कुठून उघडतं, तेवढं मात्र अजून सापडलेलं नाही. तीस वर्षांत तीन गाड्या पदरी बाळगल्या. जर्मन गाडी सासऱ्यासारखी, दणकट पण कधी हसायची नाही. इंग्रजी गाडी जावयासारखी, मान दिला तरच हलणार. जपानी तर इतकी शांत, की चालू आहे का ते ड्रायव्हरला विचारावं लागतं.

परवा चौथी घेतली. नाक्यावरच्या माझ्या जागेत तीन उभ्या होत्या आणि उरलेल्या कोपऱ्यात शेवंताची रिक्षा. तिच्या पोटापाण्याचा तो एकच थांबा.

मी सगळ्यांदेखत म्हटलं, "शेवंता, रिक्षा हलव. नाहीतर माझ्या चार गाड्यांपेक्षा तुझं हे डबडं कशात सरस, ते सांग. पटलं तर कोपरा कायमचा तुझा."

मला वाटलं, अडकली बाई.

शेवंतानं सीटवरची धूळ फडक्यानं झटकली. "हलवते की, आबा. पण तुमच्या बोळात या चारांतली एक तरी शिरती का? रोज नाक्यावर उतरून घरापतुर माझ्याच डबड्यात बसून जाता. उद्यापासनं ते दुखरे गुडघे घेऊन चालत जाणार, का चौथ्या गाडीतच अंथरूण टाकणार?"