नरसू आणि चिंचेच्या पानांचं कार्ड

चादरी विणणाऱ्या एका गावात नरसू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. वय चाळीस, अंगाने धट्टाकट्टा, आणि सांगितलेलं कधी विसरत नसे. घोटाळा तिथेच होता.

त्याचा थोरला भाऊ अंबादास मागच्या वर्षी वारला. घरात पद्मावती वहिनी, पुतणी अनसूया आणि एक माग उरला. मागाला नक्षी पुरवायचं काम एक जुना संगणक करायचा. त्याच्या वयाचे बाकीचे संगणक केव्हाच भंगारात गेले होते, पण मागाला दुसऱ्या कुणाचं ऐकायची सवय नव्हती. अंबादासने जाण्याआधी त्यात एक नक्षी करून ठेवली होती. चिंचेच्या पानांची. लेकीच्या रुखवतात ठेवायच्या चादरीसाठी. कागदावर ती कुठेच नव्हती. लग्न पंधरा दिवसांवर आलं आणि संगणकाची डिस्क किंचाळायला लागली.

तालुक्याला उपळाईकर नावाचे गृहस्थ जुनी यंत्रं दुरुस्त करायचे. ते फोनवर म्हणाले, डिस्क आता फार दिवस काढत नाही, तिच्यातलं सगळं मेमरी कार्डावर उतरवून घेऊ, लगेच पाठवा. वहिनींच्या मागे लग्नाची कामं होती. त्यांनी डिस्क काढून नरसूच्या हातात दिली.

नरसूने ती सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि खडीच्या रस्त्याने अकरा किलोमीटर नेली. उपळाईकरांनी ती कानाशी धरली आणि विचारलं, वाटेत पडली का? नरसू म्हणाला, दोनदाच. आत काही शिल्लक आहे का ते त्याने ठोकूनही पाहिलं होतं.

उपळाईकरांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, नाजूक वस्तू गोधडीत गुंडाळावी, मांडीवर घ्यावी आणि एसटीने आणावी. तान्हं बाळ आणतात तशी. नरसूने मान डोलावली. पुढच्या वेळी तसंच करीन, म्हणाला.

डिस्कने दिवसभर किंचाळत सगळं ओकलं आणि ती कायमची गप्प झाली. आता नक्षी होती ती फक्त कार्डावर. कार्ड बिस्किटाएवढं.

ते आणायला नरसू घरातली सर्वांत मोठी गोधडी घेऊन गेला. एसटीत मांडीवर घेऊन बसला. खड्डा आला की थोपटायचा. शेजारच्या बाईंनी विचारलं, मुलगा की मुलगी? नरसू म्हणाला, नक्षी आहे. बाई म्हणाल्या, नाव छान ठेवलंत.

घरी आल्यावर त्याने अंगणात उभं राहून गोधडी झटकली. कार्ड उडालं. वहिनी आणि अनसूया तासभर शोधत होत्या. शेवटी ते शेजारच्या कोंबड्यांच्या खुराड्यात सापडलं. एक कोंबडी त्यावर बसली होती.

“भावजी,” वहिनी म्हणाल्या, “एवढीशी वस्तू शर्टाच्या खिशात टाकावी. वरून बटण लावावं.”

नरसूने मान डोलावली. पुढच्या वेळी तसंच करीन, म्हणाला.

पण कार्ड जुन्या संगणकात सरळ बसेना. मधे एक छोटी पट्टी लागते, तिला अडॅप्टर म्हणतात. एका अंगाला कार्ड बसतं, दुसऱ्या अंगाला दोन ओळींत बारीक पिना असतात. नरसू पुन्हा तालुक्याला गेला, तेव्हा उपळाईकरांनी ती त्याला दिली. नरसूने खिशात कोंबली आणि बटण लावलं. बटण लागत नव्हतं, तरी लावलं. एसटीत गर्दी होती. घरी येऊन शर्ट काढला तेव्हा छातीवर दोन ओळींत लाल ठिपके उमटले होते आणि पिना चहूकडे तोंड करून उभ्या होत्या. वाटेत त्याने हूं की चूं केलं नव्हतं.

वहिनींनी आधी ठिपक्यांना हळद लावली. मग सूत ओवायच्या सुईने एकेक पिन सरळ केली. सुई चालवता चालवता त्यांनी सांगितलं की वाकणारी वस्तू खोक्यात घालावी, चारी बाजूंनी थर्माकोल भरावा, म्हणजे तिला धक्का लागत नाही. नरसूने मान डोलावली.

मग अडॅप्टर बसवायला खुद्द उपळाईकरांना आणायचं ठरलं. ते फोनवर म्हणाले, येतो, पण माझी कंबर नाजूक आहे, वाकली की सरळ होत नाही.

नरसू टेम्पो घेऊन गेला. टेम्पोत कूलरचं रिकामं खोकं होतं आणि पोतंभर थर्माकोल. उपळाईकर आधी रागावले. पण रस्ता त्यांना माहीत होता. ते आत बसले. टेम्पोवाल्याने हे काय म्हणून विचारलं, तर नरसू म्हणाला, हे वाकले तर सरळ करायला एवढी मोठी सुई नाही आपल्याकडे.

उपळाईकरांनी अडॅप्टर बसवला, त्यात कार्ड सरकवलं आणि बटण दाबलं. काहीच आवाज आला नाही. ना घरघर, ना किंचाळणं. नरसूने संगणकाला कान लावला. आवाज थांबला की काय होतं, ते त्याने याच घरात पाहिलं होतं. उपळाईकर म्हणाले, कार्डात फिरणारं काही नसतं, ते गप्पच असतं.

मग पडद्यावर चिंचेची पानं आली. वहिनी जरा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी माग सुरू केला. दिवस मावळेपर्यंत अर्धी चादर उतरली. उरलेली उद्या, म्हणाल्या.

नरसू उपळाईकरांना खोक्यात बसवत होता, तेव्हा ते म्हणाले, “नरसू, ती नक्षी आता एकाच कार्डावर आहे. वहिनींना सांग, एकाच ठिकाणी ठेवू नका. दोन ठिकाणी हवी. एक घरात, एक गावाबाहेर. मग घराला आग लागली तरी भीती नाही.”

नरसूने मान डोलावली. आणि जन्मात पहिल्यांदा त्याने उलट प्रश्न विचारला.

“दोन्ही सारखी हवीत का?”

“अगदी सारखी,” उपळाईकर म्हणाले. याला अखेर अक्कल आली, म्हणून त्यांना बरं वाटलं.

वहिनी आधीच दमल्या होत्या. त्यांना कशाला त्रास द्यायचा, असा विचार करून नरसूने ते काम स्वतःच करून टाकलं.

सकाळी वहिनींनी संगणक लावला. पडदा काळाच राहिला. झाकण उघडलं तर अडॅप्टर रिकामा. तेवढ्यात नरसू बाहेरून आला, लांब चालून आल्यासारखा घामेजलेला.

“भावजी, कार्ड कुठंय?”

“दोन ठिकाणी,” नरसू म्हणाला.

मग त्याने सगळं नीट सांगितलं. पट्टीने मोजून बरोबर मधे पेन्सिलीची रेघ मारली होती. पत्रा कापायच्या कात्रीने रेघेवरून कापलं होतं. एक तुकडा ज्वारीच्या कणगीत होता आणि एक गावाबाहेर, गिरणीवाल्याकडे ठेवून आत्ताच येत होता. केसाचा फरक नव्हता दोन्हींत.

वहिनी मागावरच्या अर्ध्या चादरीकडे बघत राहिल्या. नरसूला वाटलं, दोन कमी पडले असावेत.

“चार करू का, वहिनी?” तो म्हणाला. “कात्री अजून परत केली नाही.”